मी, डावीकडचा देश

सरांनी मला पडद्याच्या डाव्या बाजूला उभं केलं आणि म्हणाले, "मावशी, हलायचं नाही. तुम्ही आता एक देश आहात."

मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि देश झाले. उजव्या बाजूला एका विद्यार्थिनीला उभं केलं. ती दुसरा देश. खारघरच्या आमच्या कॉलेजातला तो एसी हॉल. समोर पोरं खचाखच. पडद्यावर दोन रेषा. मी तिथं ठेकेदाराकडून लागलेली, चहापाणी आणि साफसफाई बघते. नकला करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. प्राचार्यांपासून वॉचमनमामांपर्यंत सगळ्यांची चाल मला येते. देश व्हायला मी काय लाजणार? मान ताठ केली, एक हात कमरेवर ठेवला. पोरं खदखदली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दोन्ही देश लहान. एक बेटांचा, एक डोंगरातला. नावं मला पाठ आहेत, पण सांगत नाही. त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. पुढच्या कित्येक वर्षांत दोन्हीकडे शंभरातली किती माणसं दहावी-बारावीपर्यंत शिकलेली असतील, त्याचा अंदाज त्या रेषांमध्ये होता.

सरांनी विचारलं, "मावशी, शिक्षण किती?"

"नववी पास."

दहावीच्या वर्षी मला मिठागरावर धाडलं आणि भावाला शाळेत. ते कोणी विचारलंही नाही.

सर पोरांकडे वळले. "दोन्ही देशांतली आजची मुलं शाळेत जातात. मग डावीकडची रेष मागे का? कारण तिथे मावशींसारखे लोक जास्त आहेत, आणि ते जगतातही जास्त. मोठ्या माणसाचं शिक्षण बदलत नाही असं आपण धरतो. म्हणजे मावशी आहेत तोवर रेष खाली. मावशी गेल्या की रेष वर."

बटण दाबलं. रेष वर गेली.

हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मान टाकली, जीभ बाहेर काढली, मेल्याचं सोंग केलं. टाळ्या पडल्या. उजवीकडचा देश तेवढा खाली बघत होता. मग मी ट्रे उचलला आणि उष्टे कप गोळा केले.

सरांना हा खेळ इतका आवडला की प्रत्येक बॅचला मी मरायला लागले.

एकदा त्यांना चहा देताना सहज विचारलं, आता दहावीला बसले तर? सर गोड माणूस. म्हणाले, जरूर बसा. पण या गणितात ते धरलेलं नसतं, तुमच्या वयात फारसं कोणी शिकत नाही. दोन बिस्किटं माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

घरी आई उंबऱ्यात सुकट निवडत बसली होती. तिला अख्खं नाटक करून दाखवलं. फ्रिजचा पडदा केला, सरांचा आवाज काढला. शेवटी तिच्याकडे बोट करून म्हणाले, तू तर माझ्याहून मोठा देश, सगळी रेष एकटीनं खाली धरून बसलीयस.

आईचा हात थांबला.

"आमच्या गावान शालाच नवती गो," ती म्हणाली. "मंग आता मी काय करू? बेगीन मरू?"

रागावली नव्हती. खरंच विचारत होती, औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, असं विचारावं तसं. एवढी नकलाकार मी, फ्रिजसमोर हात वर करून तशीच उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात बेलापूरच्या सरकारी कचेरीतून अधिकारी आले. सरांनी हाक मारली, "मावशी, या. आपलं नेहमीचं."

"नाही सर. मी उभी राहणार नाही."

"अहो, दोन मिनिटं. मजा असते."

"माझी आई जिवंत आहे, सर. मीपण."

वाटलं, आता हॉल गप्प होईल. काही झालं नाही. अधिकाऱ्यांतल्या एक मॅडम मोबाइल बघत होत्या. सरांनी दारातून वॉचमनमामांना बोलावलं. मामा चौथी शिकलेले. खुशीत आले, टोपी सरळ केली, देश झाले. हसण्याचा आवाज मला पॅन्ट्रीत ऐकू आला.

संध्याकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर आला. "क्या मावशी, साहब लोगों का मूड क्यों खराब करती है? कल से थर्ड फ्लोअर. टॉयलेट." त्याची नक्कल मला हुबेहूब येते. करावीशी वाटली नाही.

नोकरी सोडलेली नाही. सोडता येत नाही. सरांचं गणित मला पुसता येत नाही. दहावीला बसायचं तर माझ्यासाठी बसेन, त्यांच्या रेषेला टेकू लावायला नाही.

उद्या डब्याच्या वेळी मामांना गाठणार आहे. ते तिथे उभे होते तेव्हा लोक नेमके कशाला हसले, ते सांगणार आहे. मामांना लागेल. लागू दे. मग झाडूवाल्या दोघींना सांगेन, मग माळ्याला. सरांना त्या पडद्याशेजारी मरायला या इमारतीतलं एकही माणूस मिळणार नाही.