शिवणीतला रुपया

माझे यजमान सरकारी टाकसाळीत होते. रोह्यातल्या बायका हमखास टोमणा मारायच्या, "मग काय, तुमच्या घरी रुपयांचा पाऊस!" खरं सांगायचं तर आमच्याइतकं रिकाम्या खिशाचं घर आळीत दुसरं नसेल. टाकसाळीत शिरताना खिशात एक सुटा पैसा चालत नसे. सगळं फाटकाबाहेरच्या कपाटात ठेवायचं, आणि सुटताना प्रत्येकाची झडती. साहेब असो की झाडूवाला, हात वर करून उभं राहायचं. आतला चहासुद्धा बिल्ल्यावर मिळायचा. इतकी वर्षं रोज झडती दिली पण कधी मान खाली घालावी लागली नाही, याचा ह्यांना भारी तोरा होता.

आठवडाभर ते शहरात खोलीवर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. आले की चहा पिता पिता मला आतलं काम समजावायचे. धातूच्या पट्टीतून आधी कोऱ्या चकत्या कापतात, मग त्यांचा काठ उचलतात, मग चकती दोन ठशांमध्ये धरून एकच दणका, दोन्ही बाजूंना छाप एकदम. वाकडं निघालेलं नाणं पुन्हा वितळायला जातं. "रुपया जन्माला येताना लई वरडतो," असं म्हणायचे. नाण्यावरच्या सालाखाली टाकसाळीची एक बारीक खूण असते, तीही त्यांनीच मला दाखवली होती. त्यांच्या टाकसाळीची पत्त्यातल्यासारखी चौकट, दुसऱ्या एकीची चांदणी. मला हे सगळं ठाऊक होतं. आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला अडाणी बाई म्हणून माफ करायला नको.

त्या दणक्यानेच त्यांचे कान खाल्ले. आधी उजवा गेला, मग डावाही जड झाला. पण कबूल करतील तर शपथ. कोणी काही विचारलं की मान हलवायची आणि "हा, हा" म्हणायचं. भाजी आणली का? हा. पिशवी बघावी तर रिकामी! मी हसायची, चिडवायची. त्यांना मात्र भीती होती की बहिरेपण उघडं पडलं तर यंत्रावरून उचलून कुठेतरी कोपऱ्यात बसवतील. पेणच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि आता हे परत येणार नाहीत म्हणून सांगितलं.

पेण माझं माहेर. आईने तिथेच उपाय सांगितला. गणपतीच्या नावाने कोरा रुपया लाल चिंधीत बांधायचा आणि माणसाच्या अंगातल्या कपड्यात शिवायचा. "ज्याच्यासाठी बांधला त्याला कळू द्यायचा नाय, गो," ती म्हणाली, "देवानं ऐकला का तो आपसूक पडतो." तेव्हा स्टीलचा छोटा रुपया नुकताच निघाला होता. एसटीच्या कंडक्टरने सुट्टे दिले त्यात एक मिळाला, लखलखीत. रविवारी दुपारी हे कुंडलिका नदीवर पोहायला गेले तेव्हा मी त्यांच्या सोमवारच्या शर्टाच्या तळाशी, पँटमध्ये खोचतात त्या भागात, तो शिवून टाकला. टाकसाळीत पैसा चालत नाही हे मला पाठ होतं. पण वाण्याला देतात तो पैसा. हा देवाचा होता. हा पैसा आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पुढच्या शनिवारी ते आले. शर्ट धुवायला घेतला तर शिवण उसवलेली आणि रुपया नाही. मला आनंद मावेना. देवळात नारळ फोडला, आळीत पेढे वाटले, एक ह्यांच्या हातावर ठेवला. "आता कसं ऐकू येतंय?" मी ओरडून विचारलं. त्यांनी मान हलवली आणि पेढा खाल्ला.

सोमवारी ते गेले नाहीत. "रजा हाय," म्हणाले. पंधरा दिवसांनी म्हणाले, नोकरी सोडली, कानामुळे जमत नाय. मी देवाला शिव्या घातल्या. मग त्यांनी पेणला गणपतीच्या कारखान्यात काम धरलं. रोज सकाळच्या गाडीने जायचे आणि दिवसभर मूर्ती पॉलिशपेपरने घासायचे. देवाचे सुपाएवढे कान घासताना त्यांच्या मनात काय येत असेल, याचा मी विचार केला नाही.

वर्षभराने त्यांचा टाकसाळीतला एक सोबती आमच्याकडे आला. हे कामावर होते. चहा घेता घेता तो सहज बोलून गेला, कारण मला सगळं माहीत आहे असंच तो धरून चालला होता. त्या सोमवारी झडतीत पहारेकऱ्याचा हात शर्टाच्या तळाशी अडला. त्याने शिवण उसवली आणि विचारलं, "आतला हाय काय हा?" ह्यांना ऐकू गेलं नाही. सवयीने मान हलवली, "हा." त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा "हा." तसं लिहून घेतलं आणि ह्यांनी न वाचताच सही केली.

"दुसऱ्या दिवशी साहेबानं भिंग लावून बघितला तर सालाखाली चांदणी," सोबती म्हणाला. "आमच्याकडचा नव्हताच तो, वहिनी. साहेब कानाशी ओरडून म्हणाला, बायकोला आणा, तिनं शिवला एवढं सांगू दे, कागद बंद करतो. पण हा ऐकंना. म्हणाला, टाका तिचाच, मी वळखलाय, पर तिला या फाटकावर उभी करणार नाय. आनि तिथंच राजीनामा लिवला."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्याच्या घरी घडलं असतं तर मीच ही म्हण हसत हसत वापरली असती. पेढे वाटत होते मी, आणि त्यांनी त्यातला एक माझ्यासमोर गिळला होता.

संध्याकाळी ते पेणहून आले, केसांत पांढरी भुकटी घेऊन. तोवर दोन्ही कान पार गेले होते. आळी ऐकेल म्हणून मला ओरडता येईना. लिहून दाखवता आलं असतं, आमच्या शाळकरी मुलीची पाटी समोरच पडली होती. पण मग ते वाचत असताना त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. ते धैर्य मला तेव्हा झालं नाही, आणि ते होते तोवर कधीच झालं नाही. मी समोर बसले आणि साध्या आवाजात म्हटलं, "अहो, तो रुपया मी शिवला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "हा," म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा "हा" म्हणाले, आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेले.