खुर्चीतून बारा वेळा

कल्पना करा, तुमच्यासमोर एक तराजू आहे आणि तो खोटं वजन दाखवतो अशी तक्रार आहे. तुम्ही दोन्ही पारड्यांत तपासणीची सारखी वजनं ठेवता आणि श्वास रोखून थांबता. काटा डोलत डोलत मध्यापासून केसभर डावीकडे स्थिरावतो. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा थांबायचं. पंखा लावायचा नाही, वाऱ्याने पारडं हलतं. आणि नेमक्या त्याच वेळी तुमच्या अंगातून वाफ उसळते, कपाळावरचा घाम ओघळतो आणि टप्पकन पारड्यात पडतो.

काटेकाकांचं सध्या असंच चाललंय.

वय चौऱ्याहत्तर. दुकान म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीभर दुरुस्तीला आलेले तराजू. चार वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही कंबरेच्या आणि पाठीच्या हाडांत पोहोचलेला. बरा होणार नाही, पण ताब्यात ठेवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. त्याने शरीरातलं पुरुषी हार्मोन बंद होतं, आजार दबून राहतो, आणि माणसाला वेळी-अवेळी घाम फुटतो.

"अगं, आग लागल्यासारखं होतंय!" पहिल्यांदा झालं तेव्हा काका ओरडले होते.

"माझी पाळी जाताना मला दोन वर्षं असंच होत होतं," काकू शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा सर्दी होते म्हणून पंखा कोण बंद करायचं हो?"



खरी अडचण वेगळीच होती. त्याच इंजेक्शनाने हाडं विरळ होतात आणि स्नायू वितळतात. पोट मात्र वाढतं. यंदा डॉक्टरांनी वीस किलोची वजनं उचलायला साफ मनाई केली आणि व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची. तिने सांगितलं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. तीस सेकंदांत किमान बारा वेळा जमलं पाहिजे. त्याहून कमी म्हणजे पाय कमजोर, आणि पाय कमजोर म्हणजे पडण्याचा धोका. पहिल्या दिवशी काकांना आठ जमले.

काकूंनी तिथेच अट घातली. "दोन महिन्यांत बारा झाले नाहीत, तर दुकानाला कुलूप. तिथे एकटे पडलात तर कळणार कुणाला?"

फिजिओथेरपिस्टने एक-एक किलोची दोन डंबेल घरी न्यायला दिली. काकांनी ती हातात घेतली, भुवया आकसल्या आणि तडक दुकान गाठलं. एक भरलं नऊशे साठ ग्रॅम, दुसरं एक हजार पस्तीस.

"यात एका किलोचं एकही नाही," संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं. "असल्यांनी व्यायाम केला तर मी वाकडा होईन."

"पंच्याहत्तर ग्रॅमनी?"

"चूक ती चूक."

मग काकांनी हलक्या डंबेलला भोक पाडून शिसं भरलं. ते जास्त झालं म्हणून खरवडलं. जड डंबेल कानशीने घासलं, तर ते कमी भरायला लागलं, मग त्यालाही भोक. यात तीन आठवडे गेले. शेवटी दोन्ही डंबेल काट्यावर ठेवून त्यांनी काकूंना मुद्दाम दुकानात बोलावलं. काटा तसूभर हलला नाही.

"वा," काकू म्हणाल्या. "डंबेलांची तब्येत ठणठणीत झाली. आता तुमची कधी सुरू करताय?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. तीन आठवड्यांत ते व्यायामासाठी एकदाही उठले-बसले नव्हते.

उरलेले पाच आठवडे मात्र त्यांनी जीव तोडून मेहनत केली. सकाळी पायी फिरणं, मग डंबेल, मग खुर्ची. काकू भाजी निवडता निवडता मोजायच्या, आणि अर्धवट उठलेलं धरायच्या नाहीत. नऊ झाले. दहा झाले. तिथेच गाडी अडली.

चाचणीच्या दिवशी फिजिओथेरपिस्टच्या खोलीत काका खुर्चीत बसले, हात छातीवर आडवे. काकू भिंतीला टेकून उभ्या. घड्याळ सुरू झालं. आठपर्यंत काका झपाझप उठले. दहाव्याला गुडघे थरथरले, अकराव्याला चेहरा लाल झाला. मग पुन्हा उठले आणि घंटी वाजली.

"बारा!" फिजिओथेरपिस्टने टाळी वाजवली. "शाब्बास काका!"

काकू खुर्चीच्या कडेकडे बघत होत्या.

"अकरा," काका धापा टाकत म्हणाले. "शेवटच्या वेळी खुर्चीला बोट टेकलं."

"एका बोटाने काय होतंय, काका?"

"असं म्हणणाऱ्यांचे तराजू मी जन्मभर परत पाठवलेत."

"मी पाहिलं होतं ते बोट," काकू हळूच म्हणाल्या. "म्हटलं, राहू दे."

काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या बाईने भाजीची अर्धी जुडीसुद्धा जास्तीची पदरात पाडून घेतली नव्हती.

फिजिओथेरपिस्टने भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं आणि ती हसायला लागली. "काका, बारा हे चौऱ्याहत्तरपर्यंतच्या पुरुषांना. पंच्याहत्तरपासून अकरा चालतात. तुमचा वाढदिवस कधी?"

"एकोणीस दिवसांनी."

"मग वीस दिवसांनी या."

"तोवर दुकान उघडं," काकू घाईघाईने म्हणाल्या. "पण फक्त छोटे तराजू. आणि वीस किलोचं वजन ज्याचं त्याने उचलायचं."

दुकान वाचलं होतं. काकांनी खूश व्हायला हवं होतं. पण ते उठून तक्त्याजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक ओळ नाक लावून वाचू लागले.

"अहो, चला ना आता. काय शोधताय?"

"पोरी," काका वळून म्हणाले, "हे बारा ठरवायला ज्या माणसांना उठवलं-बसवलं, त्यांच्यातल्या किती जणांच्या हाडांत हा आजार होता?"