गोळी आणि परसाद

"ओंजळ धर. आन् सांडू नगंस, बदाम हायती त्यात."

मालकीणबाई तांब्या उंच धरून उभ्या होत्या. महाशिवरात्रीचा दिवस. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. तासगावजवळची त्यांची द्राक्षबाग, काढणीचा हंगाम आणि बागेतल्या महादेवापुढं घोटलेली भांग. मंडपाखालच्या गड्यांना पेले मिळाले. आमच्या वस्तीतल्या बायकांना वरून ओंजळीत. आमचे ओठ लागले तर पेला बाटतो, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मी हात पुढं केले नाहीत.

"बाईसाब, मला फेफऱ्याची गोळी चालू हाय. डाक्तरनं नशापानी करू नगं म्हनून सांगिटलंय."

सगळे हसले, मालकीणबाई सगळ्यांत मोठ्यानं.

"नशा? आगं, म्हादेवाचा परसाद हाय ह्यो! नवऱ्यानं टाकलेली तू. आमाला देवधरम शिकीवनार व्हय?"

नवऱ्यानं टाकलेली. खरंच होतं. सासरी चुलीपुढं फेफरं आलं आणि त्याच आठवड्यात त्यानं मला माहेरी आणून सोडलं. पण हे असं चारचौघांत! माझ्याबरोबर घड काढणाऱ्या बायकाही हसल्या. ते जास्त लागलं.

शेजारी ओंजळ धरून उभ्या आईनं कोपरानं ढोसलं. "पी गं. परसादाची कुटं नशा आसती? काम जाईल."

आईला खरंच तसं वाटत होतं. आमच्याकडं सगळ्यांनाच वाटायचं. दारू म्हणजे नशा, ताडी म्हणजे नशा. देवापुढची भांग त्यात धरतच नाहीत. मलाही धड माहीत नव्हतं. फक्त भीती वाटत होती.

मी प्याले. हसत हसत त्यांनी पुन्हा ओतली.

थोड्या वेळानं बाग हलायला लागली. तारांवरचे वेल सरपटत अंगावर यायला लागले. घडांना डोळे फुटले. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. मग हातपाय जड झाले. श्वास घ्यायचं भान राहीना. बांधावर पडले. डोक्याशी बायका बोलत होत्या.

"आलं तिचं फेफरं. चप्पल हुंगवा."

कुणाची तरी चप्पल नाकाशी आलीसुद्धा. हे फेफरं नव्हतं. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. भोवती एवढी माणसं आणि माझ्या अंगात काय चाललंय ते एकालाही ठाऊक नाही. इतकी एकटी मी कधीच नव्हते. नवऱ्यानं सोडलं तेव्हाही नाही.

आईनं कसंबसं एसटीत घालून मिरजेला नेलं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती आणि समोर तेच गोळी देणारे डॉक्टर.

"दारू प्यायली होतीस?"

"न्हाई. परसादाची भांग."

डॉक्टर भडकले. "गोळीनं आधीच मेंदू सुस्त होतो. त्यावर भांग? श्वास बंद पडला असता! तुम्हा लोकांना सांगून काही उपयोग नाही."

तुम्हा लोकांना. हेही वरूनच ओतलेलं. आणि सांगून? भांगेचं कधी सांगितलं होतं?

"सायेब, तुमी दारूचं इचारलंसा. भांगंचं न्हाई. आमच्यात परसादाला नशा म्हनत न्हाईत. इचारलं आसतं तर सांगिटलं आसतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. मोठ्या माणसाच्या तोंडावर मी पहिल्यांदा बोलले होते.

घरी आल्यावर आई गोळ्याच फेकायला निघाली. "ह्येंनीच केलं समदं." एकदम सोडल्या तर फेफरं दुप्पट जोरानं येतं, हे नर्सबाईंनी मला बजावलं होतं. मी तिच्या हातातून डबी ओढून घेतली.

पुढच्या शिवरात्रीला मालकीणबाई पुन्हा तांब्या घेऊन आल्या. मी हात पाठीमागं घेतले.

"मी घेनार न्हाई."

"मग उद्यापासनं कामाला येऊ नगंस."

"न्हाई येनार."

माझ्यामागं एकही बाई उठली नाही. आई खाली बघत राहिली, ओंजळ तशीच धरून. मी रडत सडकेपर्यंत गेले. एकटीच.

नंतर कवठे महांकाळकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पहिल्याच दिवशी मुकादमाला सगळ्यांदेखत सांगितलं, "मला फेफरं येतं. मी गोळी घेती. तिच्यासंगं भांग न्हाई, दारू न्हाई, कुना बाबाचा काढाबी न्हाई. पडले तर कुशीवर करा. ठेवायचं आसंल तर ठेवा."

त्यानं ठेवलं. बायका मात्र माझ्यापासून लांब बसून भाकरी खायच्या. बसू देत. मी एकटी जेवेन. पण मला विचारल्याशिवाय माझ्या तोंडात आता कुणी काही ओतणार नाही. माणूस नाही, देवही नाही.