चार नंबरच्या साच्यावर

लवूला मुलुंडच्या क्लासमधला कॉम्प्युटर दिवाळीच्या सुट्टीपुरता घरी न्यायला मिळाला, आणि घाटकोपरच्या त्या एका खोलीत कुणाला धड बसता येईना. कॉम्प्युटर म्हणजे हो काय, एक काळा कीबोर्ड! पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि साठवायला टेपरेकॉर्डर. टीव्ही अडकला म्हणून जानकीआई कावली. "लोक दिवाळीत फराळ करतात, आमचं ध्यान वायरी जोडतंय," असं ती चाळीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

लवू त्या क्लासात शिकवायचा, पण सुट्टीत त्याला स्वतःचा गेम बनवायचा होता. चित्रं नाहीत, नुसता मजकूर; खेळणाऱ्यानं टाइप करायचं, मशीननं उत्तर द्यायचं. जागा एकच, बाबांच्या गिरणीतलं साचाखातं, जिथं कापड विणलं जायचं. संपानंतर गिरणी उघडली नाही ती नाहीच, आणि चार वर्षं धाकूबाबा भिंतीला पाठ लावून बसले होते. बोलले तर चहापुरते. म्हणून लवूनं गेममध्ये त्यांनाच चार नंबरच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं केलं होतं. बाबांनी एकदा म्हणावं, हेच रे माझं खातं! एवढ्यासाठी पोरगा पिसाळल्यासारखा करत होता. दोन ओळी टाइप करायचा, उठून गॅलरीत जायचा, परत येऊन त्याच ओळी पुसायचा.

पाचव्या दिवशी त्यानं बाबांना समोर बसवलं. मजकूर मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, आणि ती बाबांना येत नसत, म्हणून स्वतःच वाचू लागला. "तुम्ही साचाखात्यात आहात. धाकू म्हणतो, काय रे, आज उशीर केलास?"

"खोटा आसा," बाबा म्हणाले.

"काय खोटं?"

"खात्यात बोलता कोण? शंभर साचे धडधडत. बाजूचो बोंबललो तरी ऐकाक येय नाय."

लवूचं डोकंच फिरलं. निम्मी मेमरी त्यानं संवादांनी भरली होती! लहानपणी डबा घेऊन तो गेटपर्यंत जायचा, आत कधी गेलाच नव्हता. "मग आधी सांगायचं ना, बाबा! सगळी वाट लागली!"

"तू इचारलंस कधी?"

हे मात्र खरं होतं. लवू तोंड पाडून बसला.

मग बाबाच उठले आणि खात्यातल्या खुणा करून दाखवू लागले. धागा तुटला, तर दोन बोटांची कात्री. देखरेख करणारा जॉबर येतोय, तर खांद्यावर थाप. चहा प्यायचाय, तर अंगठा ओठाला. जानकीआई लाटणं हातात धरून बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं हे हातवारे पाहिले नव्हते. लवूनं सगळे संवाद उडवले आणि खुणा घातल्या. आता चैन पडेना ती बाबांना. मोरीतून ओरडून सांगायचे, सूत नेणाऱ्या धोट्याचं टोक तपासायला लाव! जेवताना आठवायचं, पायाखाली सुताची लव असायची. लवू घास टाकून धावायचा. शेवटच्या दिवशी दुपारी मशीननं सांगितलं, मेमरी संपली.

"शिवदास खय आसा?" बाबांनी विचारलं.

शिवदास पाच नंबरवरचा. वीस वर्षं बाबांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस. संपात गावी गेला, आजारी पडला आणि तिकडेच वारला.

"बाबा, आता मुंगीसुद्धा मावणार नाही. संध्याकाळी मशीन परत द्यायचंय."

"मग माका काढ."

"तुम्हाला? अहो, हा सगळा खटाटोप केला कुणासाठी?"

"मी आसंय मरे हय. तुझ्या बाजूक बसलंय. तो खय आसा?"

लवूला राग आला आणि रडूही आलं. तो गॅलरीत गेला, कठड्याला दोन गुद्दे मारले, परत आला. बापाच्या सगळ्या ओळी त्यानं एकेक करून पुसल्या. प्रत्येक ओळीला हात अडत होता. मग पाच नंबरवर शिवदासला उभं केलं आणि चार नंबरचा साचा मोकळा सोडला.

बाबा पडद्याकडे वाकले. "खयचा त्याचा नाव?"

लवूनं बोट ठेवून दाखवलं. वाचता न येणाऱ्या त्या अक्षरांकडे बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हां," ते म्हणाले. "आता झाला खाता."