शुक्रीचं ‘नको’

शुक्री भांडकुदळ. शेजारी असलो तरी तिच्याविषयी गोडगोड लिहायला मला जमणार नाही. मसोलीतल्या तुषारशेठच्या जुन्या बंगल्यात ती पाहुण्यांचा स्वयंपाक करायची आणि दूधवाल्यापासून सगळ्यांच्या वाकड्यात शिरायची. शेठलाही अरे-तुरे.

तिथे कोळशाची बिडाची शेगडी आहे, शंभरेक वर्षांची, कपाटाएवढी. भिंतीतल्या धुराड्याला जाणारा तिचा पाइप कधीच गंजून गळून पडला होता. धूर सगळा आढ्याला. पाहुणे खोकत, तक्रार करत. शेवटी पावसाळ्याआधी शेठने वेल्डर प्रविणला बोलावलं.

“पाइप नको,” शुक्री दारातच आडवी.

“का?” प्रविणने विचारलं.

“नको म्हणजे नको! तुझे बापाचं घर हाय का?”

प्रविणने धुराड्यातून पोतंभर घरटी काढली, नवा पाइप बसवला, जोडावर भट्टीची माती लिंपली. शेगडी पेटली, धूर सरळ वर गेला. शेठ खूश. शुक्रीने प्रविणला चहासुद्धा विचारला नाही.

एका शब्दाने कारण सांगितलं असतं तर! आढ्याला तिची पोटली टांगलेली होती. आत काळ्या वालाचं बी, रानशेतच्या तिच्या आईकडून आलेलं. चुलीच्या धुरात बी टिकतं, हे तिच्या गावात पोरासोरांना ठाऊक. पण तिच्या घरावर आता स्लॅब, आत गॅस. धूर उरला होता तो इथेच. शेठच्या घरात आपलं बी ठेवलंय, हे सांगणं तिला कमीपणाचं वाटलं असणार. हट्टी बाई!

दिवाळीनंतर पेरायला तिने पोटली सोडली. दाण्यादाण्याला भोक. भुंगे टेबलभर पळाले.

“तुझे पाइपाने खाल्लं माझं बी!” ती शेठवर ओरडली.

“वाणगावच्या बाजारातून आणून देतो. पाहिजे तेवढे वाल.”

“ते खायचं. ये पेरायचं व्हतं. माझे आयशीचं.”

“मग आधी सांगायचंस!”

“सांगितलं ना, पाइप नको.”

शेठही भडकला. “फ्रिजला तू नको म्हणालीस, मिक्सरला नको, पाहुण्यांनाही नको. तुझं कुठलं ‘नको’ खरं धरायचं आम्ही?”

मला शेठचा भयंकर राग आला, कारण तो खरं बोलला होता.

शुक्रीने वाल पदरात गोळा केले, मागच्या पायरीवर बसली आणि एखादा तरी दाणा धड आहे का, ते अंधार पडेपर्यंत बघत राहिली. एकही नव्हता.