नामानला कोड होतं

आमची रविवारची शाळा शुक्रवारी भरते. मस्कतमध्ये सुट्टी शुक्रवारची, तेव्हा देवालाही ते चालवून घ्यावं लागतं, असं मी म्हणते आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना ते मुळीच आवडत नाही. चर्चच्या आवारातल्या मागच्या खोलीत आमची मराठी मुलं जमतात. घरी आईशी मोडकंतोडकं मराठी, आपसात फाडफाड इंग्रजी. त्यांना मी हट्टाने मराठीतून शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवते, आणि तीही तितक्याच हट्टाने काही कळत नसल्यासारखं करतात.

त्या शुक्रवारी माझ्या वाट्याला नामानची गोष्ट आली होती. नामान म्हणजे अरामच्या राजाचा सेनापती. दावीद आणि गल्याथ मुलांना तोंडपाठ असतात, याला कुणी ओळखत नाही. मी फळ्यावर ढाल-तलवार काढली, माझ्या परीने एक घोडाही काढला. लढाया जिंकणारा, राजाच्या मर्जीतला, घरात नोकरचाकर, अंगावर चिलखत. "पण," मी आवाज खाली आणला, "नामान कोडी होता."

"टीचर, कोडर?" पुढे बसलेली एक चष्मेवाली आनंदाने म्हणाली. "कुठली लँग्वेज?"

वर्ग खिदळला. माझी मुलगी त्याच वर्गात बसते. आईची लाज राखण्याची जबाबदारी आपलीच, असं तिला वाटतं. ती म्हणाली, "कोड म्हणजे व्हाइट पॅचेस, यार." तेवढ्यात मागून एका मोठ्या मुलीने शंका काढली, "पण टीचर, इंग्लिशमध्ये तो लेपर आहे. लेप्रसी."

तिचं बरोबर होतं. आमच्या मराठी शास्त्रात नामानला कोड आहे आणि इंग्रजीत महारोग. एरवी मी यावर तास खाल्ला असता. त्या दिवशी माझ्या हातातला मार्कर फळ्यावर टेकला तो तिथेच राहिला, आणि घोड्याच्या पोटावर एक मोठा निळा ठिपका झाला. कारण माझ्या उजव्या खांद्याच्या मागे, कुर्त्याच्या आत, एक पांढुरका डाग होता, आणि तो मराठीतला की इंग्रजीतला हे मला ठाऊक नव्हतं.

डाग मला दिसला होता कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये. समोर आरसा, मागे आरसा. एरवी आपल्या पाठीची आपल्याला काय खबर असते? बिस्किटाएवढा असेल, कडा वेड्यावाकड्या. मी कुर्ता तसाच हँगरला लावला, आणि गाडीत येऊन एसी लावून बसून राहिले.

दुसऱ्या कुणाच्या डोक्यात कदाचित एका डागावरून एवढं आलं नसतं. पण माझी आत्या आमच्या गावच्या मिशनच्या महारोग्यांच्या दवाखान्यात नर्स होती, आणि सुट्टीत मी तिच्यामागे तिथे जायचे. ती पेशंटला स्टुलावर बसवून डोळे मिटायला सांगायची, कापसाची बारीक वात डागाला लावायची आणि म्हणायची, "लागलं की बोट दाखवा." काही माणसं डोळे मिटून नुसतीच बसायची. कापूस लागून जायचा, पुन्हा लागायचा, आणि ती माणसं शांतपणे वाट बघत राहायची. ते वाट बघणारे चेहरे मी विसरलेले नाही. बाहेर आल्यावर आत्या सांगायची, "डाग दिसला म्हणून घाबरायचं नाही. ज्या डागाला हात लागलेला कळतो, तो आमच्या दवाखान्याचा नाही."

म्हणजे करायचं होतं ते एवढंच. कुणाला तरी सांगायचं, इथे जरा बोट लाव. माझा स्वतःचा हात पाठीमागे जेमतेम तिथवर पोचायचा, आणि पोचायच्या आतच मी तो मागे घ्यायचे. मी घाबरले होते, चांगलीच घाबरले होते. हा रोग आता गोळ्यांनी बरा होतो हे मला माहीत होतं, पण त्या माहितीचा काडीचा उपयोग होत नव्हता. पुढच्या महिन्यात माझं रेसिडेंट कार्ड संपत होतं. नव्या कार्डाआधी मेडिकल. मेडिकलमध्ये काय काय बघतात आणि काय निघालं तर पहिल्या विमानाने घरी पाठवतात, याच्या नाना गोष्टी मंडळीतल्या बायका चहाबरोबर सांगतात. त्यात खऱ्या किती, कोण जाणे. मला सगळ्याच खऱ्या वाटायला लागल्या होत्या. नवरा आठवडाभर सोहारच्या कारखान्यात, मुलीची शाळा इथे. मी गेले तर हिची वेणी कोण घालणार, इथपर्यंत माझं मन रोज जाऊन यायचं.

नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, चल डॉक्टरकडे. तेच तर नको होतं.

मुलीशी मात्र पंचाईत झाली. आमचा एक खेळ होता. शाळेतून आली की ती माझ्या पाठीवर बोटाने मराठी अक्षर काढायची आणि मी ते ओळखायचं. तिला अक्षरं यावीत म्हणून मीच शोधलेली युक्ती. 'भ' आणि 'म' यांत ती हमखास घोळ घालायची, 'भ'ची वरची गाठ विसरायची. तो खेळ मी बंद केला. पाठ दुखते म्हणाले.

तर त्या शुक्रवारी गोष्ट मी कशीबशी पुढे रेटली. नामानच्या घरात लढाईत पकडून आणलेली एक लहान मुलगी होती, ती त्याच्या बायकोची कामं करायची. ती म्हणाली, आमच्या देशातला संदेष्टा धन्याला बरं करील. सेनापती घोडे आणि रथ घेऊन निघाला. संदेष्टा दाराबाहेरसुद्धा आला नाही, आतूनच निरोप पाठवला, जा आणि यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. सेनापती भडकला. एवढ्यासाठी आलो? आमच्याकडे काय नद्या नाहीत? मुलांना हे भडकणं फार आवडतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस रागावला नव्हता, भ्यायला होता. बुडी मारून वर आल्यावर डाग तसाच असला तर?

"मम्मा," माझ्या मुलीने हात वर केला, "त्याने आर्मर घातलं होतं ना? मग त्या मुलीला कसं कळलं?"

"घरातल्यांना कळतं," मी म्हणाले, आणि ओढणी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रुस्ताकला जायचं काढलं. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसलं की त्याच्या गुडघ्यांना बरं वाटतं. ते पाणी कातडीलाही चांगलं, असं लोक म्हणतात. मी एरवी असल्या गोष्टींची टर उडवते. त्या शनिवारी मी मुकाट्याने टॉवेल भरले.

झऱ्याजवळ बायकांसाठी आडोशाच्या न्हाण्या आहेत. आत जाऊन मी कडी लावली. मुलगी माझ्यामागे घुसली होतीच. मी भिंतीला पाठ लावून कुर्ता काढला, आणि ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मम्मा, वळ ना."

"कशाला?"

"मला माहितीए. तिकडे पॅच आहे." मग जपून, शब्द जुळवत ती म्हणाली, "घरातल्यांना कळतं."

मला आधी राग आला. एवढे दिवस मी ओढण्या सांभाळत हिंडत होते आणि ही माहीत असून गप्प! मग मी कट्ट्यावर बसले, तिच्याकडे पाठ करून. ती म्हणाली, "आपण गेम खेळू. वन लेटर. तिथेच काढते."

"नको गं. पाठ दुखते."

"तिथे दुखतं?"

दुखतं की नाही, याचंच तर मला उत्तर नको होतं. बाहेर खोळंबलेल्या एका बाईने दार ठोठावलं, "यल्ला, यल्ला!" मी डोळे मिटले. "काढ," मी म्हणाले.

पाणी वाहत होतं. मी वाट बघितली. पाठीवर काही नाही. आणखी वाट बघितली. वाफेने घाम फुटला होता तो मानेवरून ओघळला, तो मला कळला. त्याखाली काही नाही. मी आत्याच्या त्या स्टुलावर बसले होते. डोळे मिटलेले, चेहरा शांत ठेवलेला, आणि कापूस लागून जात होता.

"काय काढलं?" तिने विचारलं.

"काही... काहीच नाही," मी म्हणाले.

"करेक्ट!" ती टाळी वाजवून ओरडली. "मी अजून काढलंच नाही!"

मी वळून तिला एक धपाटा घालणार होते. हातही उचलला होता. पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिचा चेहरा उतरला. "सॉरी, मम्मा. आता खरं काढते," म्हणून तिने माझे खांदे धरून मला परत भिंतीकडे वळवलं.

मग बोट आलं. ओलं, जरासं कोमट. खाली एक वळण, उजवीकडे दांडा, वर रेघ.

"म," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं.

"नो. भ."

गाठ मला कळली नव्हती. गाठ तिने काढली होती आणि ती नेमकी डागात पडली होती, की नेहमीसारखी ती काढायलाच विसरली होती? "गाठ काढलीस?"

ती बारीक आवाजात म्हणाली, "फर्गॉट."

"मग काढ ना आता. नीट काढ."

तिने जोर लावून काढली. तिची नखं वाढली होती, गेल्या आठवड्यात कापायची राहिली होती. नख कातडीत रुतून वळलं आणि झणझणीत दुखलं.

"आई गं!" मी ओरडले.

"सॉरी, सॉरी, मम्मा!"

"सॉरी नको म्हणूस," मी म्हणाले. बाहेरची बाई पुन्हा दार ठोठावत होती. "परत काढ."