मागच्या रांगेतला निळा शर्ट

आमच्या कंपनीत सोमवार ते गुरुवार इस्त्रीचे कपडे आणि शुक्रवारी जीन्स असा नियम होता. जीन्स घातलेली चालेल असं नव्हे, ती घालावीच अशी अपेक्षा होती. पहिल्या शुक्रवारी मी सलवार-कमीज घालून गेले, तर जो तो विचारायला लागला की आज घरी काही कार्यक्रम आहे का. विमानतळाच्या रस्त्याला तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उठत होत्या, आणि त्या काचांच्या आत मोकळेपणाने वागण्याचंसुद्धा वेळापत्रक होतं.

माझ्याकडे जीन्स एकच, कॉलेजातली. गुडघ्यांवर आणि बसायच्या जागी पार पांढरी पडलेली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने नेमकी तशीच विटलेली जीन्स कॅम्पातल्या दुकानातून नवीकोरी विकत आणली होती. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण विश्रांतवाडीत वाढलेल्या मुलीला विटलेलं ते विटलेलं एवढंच ठाऊक. मी रंगाचं पाकीट आणायला रविवार पेठेत गेले.

दुकानदाराला विचारलं, रंग नंतर जाणार नाही ना. त्याने मान वर न करता सांगितलं, "पाकिटावर लिहिलंय. वाचा." पाकिटावर लिहिलं होतं की पाणी उकळा, मूठभर मीठ घाला, कापड ढवळत राहा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळा. ही शेवटची सूचना लिहिणारा माणूस मे महिन्यात पुण्यात राहिलेला नसणार. खडकवासल्याचं पाणी तळाला गेलं होतं. आमच्याकडे एक दिवसाआड सकाळी नळ यायचा, आणि घरातली प्रत्येक बादली, पातेलं, कळशी भरून झाकून ठेवलेली असायची.

आता आमच्या पप्पांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट माझ्या जीन्सची कमी आणि त्यांची जास्त आहे.

पप्पा सरकारी कचेरीत अधीक्षक होते. आमच्या वसाहतीत पत्र्याचं छप्पर असलेला विहार होता. तिथे वर्षानुवर्षं एक निवृत्त गुरुजी पुढे बसून माइकवर वंदना घ्यायचे. ते म्हणत, मग सगळे त्यांच्यामागून म्हणत. त्या वर्षी गुरुजी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे नाशिकला गेले आणि बुद्धपौर्णिमेची वंदना पप्पांनी घ्यावी असं ठरलं. पप्पा घरी येऊन नुसतं "मला सांगितलंय" एवढंच बोलले. पण दुसऱ्या दिवसापासून दाढी करताना, बुटांना पॉलिश करताना, कुकरच्या शिट्ट्या मोजतानासुद्धा त्यांच्या गाथा सुरू असायच्या. पप्पांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पायातल्या चपला तुटल्या तरी आधी शिवून घ्यायचे. हे मात्र त्यांना हवं होतं, अगदी लहान मुलासारखं हवं होतं, आणि ते पाहून मला आतून भरून यायचं.

वंदनेला पांढरे कपडे घालायचे ही आमच्याकडची रीत. इतर लोक ती पाळायचे, पप्पा तिची अंमलबजावणी करायचे. मागच्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला ते विहाराच्या दारात उभे होते. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका आले. खडकीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, गडी अंगाने भरभक्कम. पप्पांनी त्यांचा शर्ट पाहिला आणि म्हणाले, "हा पांढरा नाही."

"पांढराच हाय की साहेब. उजेडात बघा."

पप्पांनी त्यांना खरोखर उजेडात नेलं, शर्टाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि निकाल दिला की हा मोतिया आहे. मग काकांना मागच्या रांगेत बसवलं, चपलांच्या लगत. तो शर्ट त्यांच्या पोराच्या लग्नातला होता. तेव्हापासून जिन्यात भेटले की काका पप्पांना सोडून भिंतीला मान हलवायचे.

तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी गॅलरीत स्टोव्ह मांडला आणि जुन्या पातेल्यात जीन्स शिजवायला घेतली. लाटण्याने ढवळलं. आई दोनदा येऊन बघून गेली आणि मीठ चाखलंस का म्हणून विचारून गेली. शिजवून झाल्यावर खळबळायला बादली हवी होती. रिकामी एकच होती, पप्पांची पांढरी. ती निळीसाठी राखलेली. पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याचं काम पप्पा कोणावर सोपवत नसत. बोट बुडवून नखावरून पाण्याचा रंग जोखायचा आणि मगच कपडा आत, अशी त्यांची पद्धत.

पहिलं पाणी शाईसारखं निघालं, ते मी ओतून दिलं. दुसरं अगदी फिकट निळं आलं. तेवढं चांगलं पाणी फेकायचं माझ्याच्याने होईना. सकाळी गॅलरी धुवायला होईल म्हणून बादली तशीच ठेवली, जीन्स वाळत टाकली आणि झोपले. आमच्या घरात त्या मोसमात पाणी फेकणं हा गुन्हा होता. मी त्या दिवशी गुन्हा करायला हवा होता.

पप्पा पहाटेच उठले. रीतीप्रमाणे घरातले सगळे पांढरे कपडे त्यांनी स्वतः धुतले, म्हणजे त्यांचे दोन झब्बे, दोन पायजमे, एक शर्ट, आईच्या दोन साड्या आणि माझा पंजाबी ड्रेस. पौर्णिमेला कपडे ताज्या निळीतलेच हवेत, कपाटातले चालत नाहीत. गॅलरीत बादली, बादलीत निळं पाणी. आईने आधीच नीळ कालवून ठेवली असं धरून त्यांनी नख बुडवलं, मान डोलावली आणि सगळं आत घातलं.

एरवी निळीत कपडा बुडवला की लगेच काढायचा असतो. हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. पण त्या सकाळी त्यांची एक मोठी गाथा चालू होती, आणि गाथा मध्ये तोडायची नसते हेही त्यांनीच शिकवलेलं. ते गाथा संपवूनच खाली वाकले. मध्ये अडखळल्यामुळे पहिल्यापासून म्हटली असणार, असा माझा अंदाज आहे.

मी उठले तेव्हा कपडे गच्चीतल्या दोरीवर होते. मी वर जाऊन पाहिलं. सगळं आकाशी झालं होतं. एकसारखं, सुरेख, कुठेही डाग नाही. ज्या जीन्ससाठी एवढा खटाटोप केला तिच्यावर रंग ठिकठिकाणी रुसून बसला होता, आणि झब्ब्यांवर मात्र कापडगिरणीत रंगवल्यासारखा बसला होता.

मी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओलं आहे म्हणून दिसतंय. नीळ वाळली की पांढरी होते."

"पप्पा, ती नीळ नव्हती."

"वाळू दे."

वैशाखातलं ऊन. आम्ही तिघं गच्चीत उभं राहून कपडे पांढरे होण्याची वाट पाहत होतो. पप्पा दर थोड्या वेळाने बाही चिमटीत धरून पाहायचे, उजेडाकडे करायचे आणि सोडून द्यायचे. कपडे वाळले. निळे वाळले. पप्पांनी घड्याळ पाहिलं. वंदनेला तासभर उरला होता आणि दुकानं अजून उघडायची होती.

आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "अहो, निळा काय परका रंग आहे का आपल्याला?"

"निळा झेंड्याला," पप्पा म्हणाले. "पांढरा अंगाला."

मग आईने सुचवलं की खालच्या काकांकडून मागून आणते. मागच्या वर्षीच्या प्रकारानंतर काकांनी हट्टाने पांढरेशुभ्र जोड शिवून घेतले होते, हे अख्ख्या वसाहतीला माहीत होतं. मला वाटलं पप्पा हो म्हणतील. पण ते नाही म्हणाले, आणि निळा शर्ट घालायला लागले. कचेरीतले रेघारेघांचे शर्ट कपाटात होते. ते का नाही घालत म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, "हा निदान पांढरा होता."

आम्ही तिघं एकाच रंगात जिना उतरलो. रस्त्यात कोणीतरी विचारलं की यंदा समितीने गणवेश ठरवलाय का. आई हसली. पप्पांनी चाल वाढवली. विहारात शिरल्यावर ते थेट मागच्या रांगेत, चपलांच्या लगत जाऊन बसले. पुढची सतरंजी रिकामी, माइक वाट पाहत उभा. माझ्यामुळे त्यांची ती जागा गेली होती.

समितीची माणसं मागे आली. साहेब पुढे चला, काय फरक पडतो, वगैरे झालं. पप्पा म्हणाले, नियम मी सांगितलेला आहे, रंगीत कपड्यांचे मागे. पण मग वंदना कोण घेणार? तेवढ्या गाथा शुद्ध दुसऱ्या कोणाला येत नव्हत्या. नियम मोडायचा नाही आणि वंदनाही थांबवायची नाही, यावर पुण्यातली शहाणी माणसं उभ्या उभ्या चर्चा करायला लागली. एकाने पप्पांच्या अंगावर पांढरी चादर टाकायचा प्रस्ताव मांडला. तो विचारार्थ घेण्यातही आला.

शेवटी खालचे काका उठले. ते पुढच्या ओळीत बसले होते, डोळे दिपतील एवढ्या पांढऱ्या कपड्यात. त्यांनी माइक स्टँडवरून काढला, वायर सोडवत सोडवत माणसांच्या मधून मागे आले, आणि वर्षभरात पहिल्यांदा पप्पांशी बोलले.

"वायर लांब हाय. इथनंच म्हना."

त्यांनी पप्पांच्या हातात माइक दिला आणि पुढची सतरंजी मोकळी दिसू नये म्हणून स्वतः तिच्यावर जाऊन हात जोडून बसले. वंदना सुरू झाली. पप्पांचा आवाज पुढच्या दोन्ही कर्ण्यांतून यायला लागला आणि सगळी सभा पुढे बघून त्याच्यामागून म्हणायला लागली. काकाही ओठ हलवत होते. त्रिसरण, पंचशील, ती मोठी गाथा, सगळं पप्पांनी न अडखळता म्हटलं. मी त्यांच्या शेजारीच होते. मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत.

संपल्यावर उशिरा आलेल्या एक आजी पुढे गेल्या आणि काकांचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, असं स्वच्छ म्हणणं किती वर्षांत ऐकलं नव्हतं. काकांनी आवाज न वाढवता सांगितलं, "मी न्हाई म्हटलं, आजी. ते मागं बसलेत त्यांनी म्हटलं."

आजी वळल्या. निळ्या शर्टातला, मांडीवर माइक घेतलेला माणूस त्यांनी नीट पाहिला. "मग मागं का बसवलाय त्याला?"

पप्पा म्हणाले, "शर्ट पांढरा नव्हता."

"माझाबी नव्हता," काका म्हणाले. एवढंच म्हणाले आणि वायर गुंडाळायला लागले.

पप्पांनी खाली पाहिलं. घरी आईने जेवायला वाढलं तेव्हा ताट पुढे ओढून म्हणाले, "मोतियाच होता पण तो," आणि जेवले नाहीत.

शुक्रवारी मी ती ठिपक्याठिपक्यांची जीन्स घालून कामावर गेले. शेजारच्या मुलाने कुठल्या दुकानातून घेतलीस म्हणून विचारलं. मी रविवार पेठ सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. दोन-चार धुण्यांत जीन्सचा रंग पुन्हा उडाला. पप्पांच्या शर्टाचा कधीच उडाला नाही. तो ते कचेरीत घालायचे.

पुढच्या वर्षीही गुरुजी नाशिकलाच होते. पप्पा नव्या पांढऱ्या झब्ब्यात पुढच्या सतरंजीवर बसले होते, आणि दारात कोणीच उभं नव्हतं. काका आले. त्यांच्या अंगात तोच लग्नातला मोतिया शर्ट होता, मुद्दाम घातलेला, कडक इस्त्री करून. ते मागच्या रांगेकडे वळले नाहीत, सरळ पुढे येऊन पप्पांच्या समोर उभे राहिले.

पप्पांनी त्या शर्टाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते सतरंजीवर एका बाजूला सरकले, शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाले, "बसा. कॉलरचं बटण तुटलंय तुमचं."